डोमाच्या पोटातलं पाणी

गुणवंतराव मोहुर्ले यांना 'लॅबवाले' म्हटलेलं अजिबात खपत नसे. 'टेक्निशियन' एक वेळ चालवून घेत, पण तोंड आंबट करून. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं मात्र त्यांना 'रगतवाले डॉक्टर' म्हणत, आणि ते ऐकलं की शर्टाच्या गुंड्या तुटतील अशी त्यांची छाती फुगे. असं म्हणणाऱ्याच्या बोटाला ते सुई हळू टोचत. नुसतं 'ओ भाऊ' म्हणणाऱ्याला कचकन.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा दवाखाना होता. कौलारू, बैठा. पुढे मोहाचं झाड, मागे धानाच्या बांध्या. त्याच्या टोकाच्या खोलीत गुणवंतरावांचं राज्य. एक मायक्रोस्कोप, काचेच्या नळ्यांची रांग, रसायनांच्या बाटल्या, आणि खिडकीच्या गजाला लटकवलेली खर्ऱ्याची पन्नी.

त्यांचा जन्म धानाच्या घरातला. घरात सगळ्यांचे पाय चिखलात, पण गुणवंता लहानपणापासून जळवांना भ्यायचा. रोवणीच्या दिवसांत पायाला जळू लागली की अख्खं गाव गोळा होईल असा बोंबलायचा. बापाने वैतागून शाळेत घातला, शाळेतून तो कॉलेजात गेला, आणि नागपूरला जाऊन रक्त तपासायचा कोर्स करून आला. बाप पुढे जन्मभर पाहुण्यांना सांगत असे, "पोट्टा जळवेले भेऊन पयाला, अन् आता सोताच जळू झाला!" गुणवंतरावांना हा विनोद कधी आवडला नाही. आता रिटायर होऊन ते गावातच राहतात, बांधावर जातात, पण पाय पाण्यात घालत नाहीत. अजूनही नाही!

हात मात्र खरोखर चांगला होता. हिवतापाच्या दिवसांत जंगलातल्या डेपोंवरून मजुरांच्या गाड्या भरून यायच्या, आणि एवढ्या काचपट्ट्यांतून तापाचा जंतू गुणवंतरावांच्या नजरेतून सुटला असं कधी घडलं नाही. निदान ते स्वतः तसं सांगत, आणि कोणी उलट बोलत नसे. उलट बोलायला त्यांच्या तोंडाकडे पाहावं लागे, आणि त्या तोंडात सदानकदा खर्रा असे.

खर्रा म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला घोट घोट घोटतो. तो गालात धरला की तोंडाला अस्सं पाणी सुटतं की विचारू नका. गुणवंतराव सकाळी आंघोळीनंतर देवाला हात जोडत आणि लगेच डावा गाल भरत. मग दुपारच्या जेवणापर्यंत त्यांचं बोलणं म्हणजे निव्वळ हुं-हुं. बायको रुखमाबाई म्हणायची, "एखांद्या दिवशी तोंड रिकामं ठेवून घरी याल, त मी दरवाजा नाही उघडाची. म्हनन, कोन होय हा परका मानूस?"

गालात खर्रा ठेवूनच ते काम करत. काचेची बारीक नळी असते. तिचं वरचं टोक ओठांत धरायचं, औषध रेषेपर्यंत ओढायचं आणि वरून बोटाने दाबायचं. आज हे ऐकून कोणीही नाक मुरडेल, पण तेव्हा गावोगावच्या खोल्यांमधून सगळे तसंच करत. एका गालात खर्रा, ओठात नळी, आणि बाजूने नर्सबाईशी गप्पा. ह्या कसरतीचा गुणवंतरावांना फार अभिमान होता. रक्तातल्या साखरेची तपासणी म्हणा, युरियाची म्हणा, त्यांना थोड्याशा लाळेचं काही सोयरसुतक नसतं. त्यामुळे इतकी वर्षं कोणाला काही कळलं नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

अशात अठ्ठ्याण्णव साली दवाखान्यात डॉक्टर उर्वशी वैरागडे आल्या. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली मुलगी, सर्जन. बोलायला गोड, पण कामात एकदम खडूस. आल्या आल्या त्यांच्या हातून एक माणूस गेला. आलापल्लीकडचा लालसू, सागाच्या डेपोवर मजूर. आतडं कापून जोडलं होतं. दोन-तीन दिवस मजेत होता, नर्सला जंगलातल्या अस्वलाच्या गोष्टी सांगत होता. मग एकाएकी ताप चढला, पोट फळीसारखं टणक झालं. आतली शिवण कधीचीच पाझरत होती. परत उघडलं तेव्हा उशीर झाला होता.

उर्वशीबाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या गुणवंतरावांच्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"गुणवंतराव, आतडं जोडलं की मी पोटात एक रबरी नळी ठेवते ना, आतलं पाणी बाहेर पिशवीत यायला?"

"हुं."

"शिवण पाझरायला लागली, तर आतड्यातला पाचक रस त्या पाण्यात उतरतो. ताप यायच्या आधी, पोट दुखायच्या आधी. माणूस हसत असतो तेव्हाच पाणी सांगून मोकळं होतं. तुम्ही रोज सकाळी ते पाणी तपासायचं. शिकत असताना मी हे पाहिलंय. अजून शंभर टक्के पक्कं नाही म्हणतात. पण पक्कं व्हायची वाट पाहायला लालसूला वेळ होता का?"

मग त्यांनी रीत सांगितली. स्टार्चचं पाणी घ्यायचं, म्हणजे आपल्या पेजेच्या निवळीसारखं. त्यात पिशवीतलं पाणी थोडं घालायचं, थोडा वेळ कोमट ठेवायचं, आणि आयोडिन टाकायचं. निळं गर्द झालं तर सगळं ठीक. पाचक रस असेल तर तो स्टार्च खाऊन टाकतो, मग निळाई येतच नाही, आयोडिनची फिकट छटा तेवढी उरते, तिलाच पांढरं म्हणायचं. निळं म्हणजे आनंद, पांढरं म्हणजे धोका. इतकं सोपं.

गुणवंतराव खर्रा थुंकून आले आणि म्हणाले, "हे त आपल्या डाव्या हातचा मळ हाय, मॅडम."

आणि झालं काय? पहिल्याच पेशंटचं पाणी पांढरं! देवाजी नावाचा म्हातारा. बरा बसलेला, नातवाशी खेळणारा. उर्वशीबाईंनी त्याचं खाणंच काय, प्यायचं पाणीसुद्धा बंद केलं, गाडीत घालून चंद्रपूरला सोनोग्राफीला नेलं, घरच्यांच्या काळजाचं पाणी पाणी केलं. तिकडे कळलं की पोट ठणठणीत. देवाजी परत आला तो शिव्या देतच आला. "भुकेनं मारलं ना बे मले! काई नाई झालतं!" पुढच्या पेशंटचंही तेच. पाणी पांढरं, माणूस ठणठणीत.

उर्वशीबाई हुशार. एक दिवस त्या एक नळी घेऊन आल्या. "हे जरा तपासा. पेशंट नवा आहे."

गुणवंतरावांनी गालातला खर्रा आत सरकवला, काचेची नळी ओठात धरली, पाणी ओढलं. रीतसर सगळं केलं. आयोडिनचा थेंब टाकला. निळं झालं नाही.

"लिकेज हाय, मॅडम. खतरनाक."

"अच्छा? तो पेशंट म्हणजे सलाईनची बाटली आहे, गुणवंतराव. आत्ता फोडली. सलाईनच्या बाटलीचं आतडं कुठून फुटलं?"

दारात उभी असलेली नर्स तोंडात पदर कोंबून पळाली. उर्वशीबाई हसल्या नाहीत. त्यांनी एका नळीत स्टार्चचं पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "थुंका ह्यात." गुणवंतराव थुंकले. आयोडिन पडलं, आणि नळी पांढरीच राहिली. पेजेचा घास तोंडात धरला की गोड लागायला लागतो ना, ते काम लाळ करते. आतड्यातला रस जे करतो तेच. खर्ऱ्याने सुटलेलं पाणी ओठातून काचेच्या नळीत उतरत होतं, आणि देवाजी उपाशी मरत होता.

गुणवंतरावांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारता सोय नाही. चूक समोर दिसत होती म्हणून तर जास्तच. उर्वशीबाईंनी एक रबरी फुगा आणून दिला. तो काचेच्या नळीवर बसवायचा, तोंड लावायचं नाही. खोलीत खर्रा बंद, उघड्या नळ्यांवर बोलणं बंद. सगळ्या स्टाफमध्ये बातमी झाली. संध्याकाळपर्यंत फाटकावर मासोळ्या विकणाऱ्या चंदाबाईलाही ती ठाऊक झाली, म्हणजे अख्ख्या तालुक्याला झाली.

घरी आल्यावर रुखमाबाईने ताट वाढलं आणि खो खो हसत सुटली. "वा जी वा! रगतवाले डॉक्टर नाई, लाळवाले डॉक्टर!"

गुणवंतराव ताटावरून उठले. पण जित्याची खोड ती. पन्नी खिडकीच्या गजावरून गेली आणि पँटच्या खिशात आली. फुगा वापरत, पण कोणी नसलं की चिमूटभर खर्रा खालच्या ओठाआड दाबून ठेवत. इतक्याशाने काय होतं? असं ते स्वतःलाच म्हणत, आणि स्वतःच मान डोलावत.

असे दिवस चालले होते, आणि एका सकाळी चंदाबाई टोपली फाटकातच टाकून आत धावत आली. तिच्या नवऱ्याला, डोमाला, बैलगाडीतून आणलं होतं.

डोमा नागापुरे म्हणजे गुणवंतरावांचा दोस्त. दोस्ती कशी तर रविवारी हे त्याच्या तलावावर जाऊन पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, बसत, पाय सुके ठेवून, आणि डोमा कमरभर पाण्यात जाळं ओढत त्यांची टर उडवी. "या ना जी पान्यात! जळवा वाट पाहून राह्यल्या तुमची!" जाताना मरळ किंवा ओंजळभर झिंगे पानात बांधून देई. गुणवंतराव त्याच्या घरच्यांचं रक्त रांग न लावता तपासत. एवढाच व्यवहार, पण पक्का.

डोमाला जुना हर्निया होता. भरलेलं जाळं ओढताना आतडं त्यात अडकलं, पिळलं आणि काळं पडलं. उर्वशीबाईंनी तेवढा तुकडा काढून दोन तोंडं जोडली, पोटात रबरी नळी ठेवली. डोमा शुद्धीवर आला तेव्हा पहिलं वाक्य हे, "माहं जाळं पाण्यातच राह्यलं का?" चंदाबाईने कपाळावर हात मारला. गुणवंतरावांचा जीव भांड्यात पडला.

पुढचे दिवस बरे गेले. पाणी रोज निळं. गुणवंतराव स्वतः वॉर्डात जाऊन डोमाला नळी दाखवत. "पाह्य, निळं! तुह्या तलावासारखं."

"आमचा तलाव हिरवा हाय जी," डोमा म्हणे.

आणि मग ती सकाळ आली. गुणवंतरावांच्या ओठाआड चिमूटभर खर्रा होता. नर्सबाई दारात उभी राहून तिच्या नणंदेच्या कागाळ्या सांगत होती, आणि हे नळ्यांवर वाकून 'हुं, मंग?' म्हणत होते. आयोडिनचा थेंब पडला. डोमाचं पाणी पांढरं.

पहिल्यांदा ते चिडले, ते स्वतःवरच. पुन्हा लाळ! मॅडमला कळलं तर ह्या खेपेला नुसतं हसण्यावारी जाणार नाही. नळी ओतून द्यायची, पुन्हा करायचं, कोणाला काही सांगायचं नाही. त्यांनी नर्सला घालवलं, मोरीवर जाऊन खर्रा थुंकला, मिठाने दात घासले, चुळा भरल्या, तोंडाला दुपट्टा बांधला. नवी नळी, फुगा, आणि शेजारी दुसऱ्या नळीत नुसती सलाईन. सलाईन निळी झाली, गर्द, शाईसारखी. डोमाची नळी पांढरी.

पुन्हा केलं. सलाईन निळी, डोमा पांढरा.

इतके दिवस वाटायचं की आपली चूक निघू नये. आता देवाला म्हणावंसं वाटत होतं की बापा, माझीच चूक असू दे. लालसू डोळ्यांसमोर आला, अस्वलाच्या गोष्टी सांगणारा. गुणवंतराव तोंडावरचा दुपट्टा तसाच ठेवून वॉर्डाकडे धावले. धोतर नेसलेला माणूस असता तर वाटेत पडला असता.

डोमा उशीला टेकून बसला होता. उर्वशीबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं. मऊ. ताप नाही. नाडी थोडी जलद, पण तेवढी तर कोणाचीही होते.

"मले भूक लागून राह्यली, बाई," डोमा म्हणाला.

उर्वशीबाई गुणवंतरावांना बाहेर घेऊन आल्या. "खरं सांगा. तोंडात काय होतं?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. गुणवंतरावांनी दुपट्टा खाली ओढला. "पयल्या बारीले खर्रा होता, मॅडम. चिमूटभर. रोजच राह्यते. दुसऱ्या बारीले नव्हता, तिसऱ्या बारीलेही नव्हता. पाहा." आणि वॉर्डाच्या व्हरांड्यात, पेशंटांच्या देखत, ह्या पन्नाशीच्या माणसाने शाळेतल्या पोरासारखा आ वासला. जीभ वर केली, गाल बोटाने ताणून दाखवले. व्हरांड्यात कोणी हसलं नाही.

उर्वशीबाईंनी तोंड खरोखर तपासलं. मग खोलीत जाऊन स्वतःच्या हाताने तेच सगळं केलं. पांढरं! त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं पोट परत फाडायचं. फाडलं आणि आत काही नसलं तर? नाही फाडलं आणि असलं तर?

"उघडायचं," त्या म्हणाल्या. "आज, आत्ताच. पण त्यांनी हो म्हटलं पाहिजे."

आणि तिथेच गाडी अडली. डोमा म्हणाला, "म्या म्हनतो बरा आहो, अन् तुमची नळी म्हन्ते मरून राह्यलो. कोनाचं आयकू?" त्याने बायकोकडे पाहिलं. घरात शेवटचा शब्द चंदाबाईचा, हे तो उघडपणे मान्य करणारा नवरा होता.

चंदाबाई उभी राहिली. पदर खोचला. फाटकावर बसून तिने देवाजीच्या शिव्या ऐकल्या होत्या, सलाईनच्या आतड्याची गोष्टही ऐकली होती. ती सरळ गुणवंतरावांसमोर आली.

"एक सांगा, भाऊ. थे पानी माह्या नवऱ्याच्या पोटातलं होय, का तुमच्या तोंडातलं?"

अख्खा वॉर्ड ऐकत होता. गुणवंतरावांचा चेहरा काळवंडला. एरवी कोणी असं बोललं असतं तर त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण तिचं काय चुकलं होतं? तिने विचारलं ते बरोबरच विचारलं. आपल्या शब्दाची किंमत आपणच थुंकून टाकली होती, आणि आता नेमका दोस्ताच्या जिवाला तोच शब्द हवा होता.

"माह्यावर भरोसा नोको ठेऊ, बाई," ते म्हणाले. "तूच कर. म्या दारात उभा राहीन, तोंड बांधून. एका बी नळीले हात लावनार नाई."

"मले कुठी येते?"

"मासोळी साफ करतेस ना? त्याच्याहून सोपं हाय."

उर्वशीबाईंनी होकाराची मान डोलावली. चंदाबाईने साबण लावून हात धुतले, चुळा भरल्या, आणि गुणवंतरावांच्या राज्यात जाऊन त्यांच्या स्टुलावर बसली. ते दाराबाहेर, तोंडाला दुपट्टा. तिथून एक अक्षर बोलायचं नाही म्हणून बोटाने खुणा करत होते. हा फुगा दाब. आता सोड. हळू. हं, रेषेपर्यंत. उर्वशीबाई शेजारी उभ्या होत्या, पण त्यांनीही हात लावला नाही. मासळीच्या पोटातलं पित्त न फोडता काढणारी बोटं ती, एक थेंब इकडे तिकडे सांडला नाही.

दोन नळ्या. एकीत सलाईन, एकीत डोमा. कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही उभ्या करून ती वाट पाहत बसली. फाटकात कोणीतरी मासोळ्यांचा भाव विचारत ओरडत होतं, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. मग उर्वशीबाईंनी आयोडिनची बाटली तिच्या हातात दिली.

पहिली नळी निळी झाली.

दुसरीत तिने थेंब टाकला. हलवली. पुन्हा हलवली. उजेडात धरली. तिचा हात हळूहळू खाली आला.

"पांढरंच हाय," ती म्हणाली. आणि मग जणू स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "पित्त फुटलं."

चंदाबाईने नळी जागेवर ठेवली आणि उठली. "मासोळीचं पित्त फुटलं त लगेच धुवा लागते, बाई. थांबलं त कडू आत शिरते, मंग कितीही धुवा. पोट फाडा अन् धुवा लवकर. कुठी आंगठा लावू?"

डोमाला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तो कुरकुरत होता. "अवो, पन मले भूक लागली..."

"गप ऱ्हाय!" चंदाबाई म्हणाली. दार बंद झाल्यावर मात्र तिच्या अंगातलं बळ गेलं, आणि ती मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. गुणवंतराव तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसले. रुखमाबाई भाकरी घेऊन आली, तीसुद्धा तिथेच बसून राहिली. भाकरीला कोणी हात लावला नाही. गुणवंतरावांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आत काही निघालं नाही तर चंदाबाई आपल्याला कधी माफ करणार नाही, आणि तिने नाही केलं तर बरंच होईल. कारण आत काही नसलं तर डोमा जगेल.

उर्वशीबाई बाहेर आल्या. टोपी काढली, केस घामाने चिकटलेले.

"भोक होतं," त्या म्हणाल्या. "डाळीच्या दाण्याएवढं. आत घाण नुकतीच उतरायला लागली होती, पसरली नव्हती. सगळं धुतलं. जोड नव्याने शिवला. उद्यापर्यंत थांबलो असतो ना..." त्या मोहाच्या बुंध्याला टेकल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "भाकरी आहे का कुणाकडे?"

रुखमाबाईने सगळी शिदोरी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यानंतरच्या सकाळी गुणवंतरावांनी कशा काढल्या ते त्यांनाच ठाऊक. नळी उजेडात धरायची हिंमत होत नसे. दुसऱ्या दिवशी निळाई फिकट आली. मग जरा गडद, मग पुरती गर्द. ती गर्द नळी घेऊन ते वॉर्डात गेले तेव्हा डोमाने डोळा उघडला. ह्या खेपेला तो खरोखर थकला होता, टर उडवायलाही त्राण नव्हतं. "निळं?" त्याने विचारलं. "निळं," गुणवंतराव म्हणाले. डोमा पुन्हा झोपला.

आतडं चालू झालं की नाही ते कळायला अख्खा वॉर्ड वारा सरायची वाट पाहत होता. आतडं जोडलेल्या माणसाच्या खाटेभोवती ह्याच्याइतका महत्त्वाचा प्रश्न दुसरा नसतो. येणारा जाणारा विचारी, "झालं का जी?" आणि डोमा लाजून भिंतीकडे तोंड करी. शेवटी एका सकाळी तो आवाज असा झाला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. नर्स धावत मॅडमला सांगायला गेली. चंदाबाईने तोंडावर पदर घेतला. उर्वशीबाईंनी पेज द्यायला परवानगी दिली.

चंदाबाईने तांदळाची पातळ पेज केली, वाटीत घेतली, चमचा भरून फुंकर घातली आणि नवऱ्याच्या तोंडाशी नेला. डोमाने घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"मीठ कुठी हाय?"

"हाय त्यात."

"नाई बाप्पा. निरं पानी हाय हे. झिंग्याची चटणी आनली असती थोडीशी..."

"झिंग्याची चटणी! तुह्या पोटाले दोन डाव फाडलं बाईनं, अन् तुले चटणी पायजे?"

"मंग काय जनमभर हेच पेवू?"

"पे! गुमान पे! जीभ पाह्य कशी चालते, आतडं चालाच्या आधी जीभ चालते याची!"

गुणवंतराव वॉर्डाच्या दारात उभे होते. हे भांडण त्यांनी पाळीवर बसून कितीदा ऐकलं होतं, मिठावरून, जाळ्यावरून, काहीच्या काहीवरून. ऐकून कंटाळून उठूनही गेले होते. आज ते ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आवरायचा प्रयत्न केला, नाही आवरलं. पन्नाशीचा माणूस दाराच्या चौकटीला डोकं टेकवून हुंदके देऊन रडायला लागला.

चंदाबाईने चमचा खाली ठेवला आणि वळून पाहिलं.

"आता काऊन रडता, भाऊ?" ती म्हणाली. "जित्ता हाय ना थो. पाहा, मले शिव्या देऊन राह्यला."